चित्रकलेचा तास कोण घेतं?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

शाळेतल्या कुठल्याही मुलाला सांगा, निसर्गचित्र काढ. काय काढील ते मी न बघता सांगतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून अर्धा वर आलेला सूर्य आणि त्याची काड्यांसारखी किरणं. डोंगरातून निघून खाली येता येता रुंद होणारी नदी. एका काठाला झोपडी, दुसऱ्या काठाला वाकलेलं नारळाचं झाड, आणि आकाशात बरोबर चार पक्षी. मी स्वतः हेच काढत होतो, माझ्या मुलीनं हेच काढलं, आणि कविता वाचायला म्हणून ज्या ज्या सरकारी शाळांत मी गेलो, तिथंही हेच बघितलं.

बदलापूरकडच्या एका शाळेत मात्र हे चित्र बघताना मला गंमत वाटेना. वर्गाच्या खिडकीतून चंदेरीचा सुळका समोर दिसत होता. त्याच्या बाजूला डोंगरांची लांब रांग, कुठे सपाट, कुठे तुटलेली. त्या रांगेत त्रिकोणी डोंगर एकही नाही. उल्हास नदीही शाळेपासून फार लांब नाही आणि तिच्या काठाला नारळ नाहीत. चाळीस मुलं खिडकीकडे पाठ करून त्रिकोणी डोंगर काढत होती. मी बाईंना विचारलं, "मुलांना बाहेर बघून काढायला सांगितलं तर?" बाई हसल्या. त्यांचा विषय गणित. त्या म्हणाल्या, "सर, चित्रकलेला आमच्याकडे कुणी नाहीच. वेळापत्रकात तास आहे, तो मी सांभाळते. खरं सांगू? पुष्कळदा त्या तासाला मी भागाकारच घेते."

त्या बाईंना मी दोष देणार नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना भागाकार येत नव्हता आणि तपासणीला येणारा साहेब भागाकारच विचारणार होता. पण 'सांभाळते' हा त्यांचा शब्द माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या सरकारी शाळांत चित्र, गाणं, नाटक, हस्तकला हे सगळं कुणीतरी नुसतं सांभाळत असतं.

आकारिक मूल्यमापनाची नोंदवही कधी पाहिली आहे का तुम्ही? प्रत्येक मुलाबद्दल प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद करायची असते, कलेचीही. मी अशी एक वही चाळली. 'चित्रे आवडीने काढतो.' 'रंगसंगतीची जाण आहे.' 'सहभागी होते.' एकाआड एक तीच तीन वाक्यं, चाळीस मुलांना वाटून दिलेली. वर्षभरात ज्या मुलाच्या हातात रंगाचा खडू आला नाही, त्याला रंगसंगतीची जाण आहे असं सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. खोटं लिहायची हौस कुणालाच नसते. रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून लिहितात.

मी अंबरनाथच्या शाळेत शिकलो. साल साधारण १९८२. माझे अब्बा उल्हासनगरला कॅम्पातल्या एका दुकानात शिंपीकाम करायचे. घरी कापड आलं की ते जमिनीवर पसरायचे आणि खडूच्या चपट्या वडीनं एका झटक्यात काखेची गोलाई काढायचे. फूटपट्टी नाही, खोडरबर नाही. मला वाटायचं, ही जादू आहे. सकाळी मदरशात आम्ही उजवीकडून डावीकडे लिहायचो आणि दुपारी शाळेत डावीकडून उजवीकडे. हातात रेघ होती, पण ती कुठं न्यायची हे ठाऊक नव्हतं.

शाळेला तेव्हा चित्रकलेचे सर होते. पूर्ण वेळ, त्याच कामाचे. धोतर-टोपीचे नव्हेत, साधे बुशशर्ट घालणारे, पानाचे शौकीन. एका शनिवारी त्यांनी आम्हा वीस-बावीस पोरांना रांगेत धरून शिवमंदिरात नेलं. जायच्या आधी ते आमच्या घरी आले. अब्बांना म्हणाले, "देवळात नेतोय, तुमची हरकत नाही ना?" अब्बांनी मान वर न करता विचारलं, "शिकायला नेताय ना?" "हो." "मग न्या की."

अंबरनाथचं ते देऊळ शके ९८२ मधलं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहारांच्या काळातलं. तसा लेखच तिथं आहे. वालधुनीच्या काठी उभं असलेलं काळं, झिजलेलं, तरी अंगभर नक्षी असलेलं. सरांनी आम्हाला भिंतीसमोर बसवलं आणि म्हणाले, "पेन्सिली खाली. आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं." आम्हाला वाटलं, शिक्षा आहे. पाच मिनिटं एका दगडाकडे बघणं दहा-बारा वर्षांच्या पोराला किती जड जातं! पण तिसऱ्या मिनिटाला मला दिसलं की दगडातली वेल एका जागी पुढे जाते आणि दुसऱ्या जागी स्वतःकडेच वळते. हीच वेल मी मदरशातल्या जुन्या पुस्तकाच्या समासात पाहिली होती. मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दोन्ही काढ, शेजारी शेजारी."

आमच्या नानीला जिवंत प्राण्यांची चित्रं काढलेली चालत नसत. ही अडचणही मी सरांना सांगितली होती. त्यांनी वाद घातला नाही, उपदेश केला नाही. म्हणाले, "वेलबुट्टी काढ, भूमिती काढ, अक्षरं काढ. त्यातच आयुष्य जाईल." एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्र असतं, अक्षरलेखन असतं. माझा हात त्यातच बसला. 'ळ' हे अक्षर कट निबनं काढताना दोन गोल एकमेकांना कसे धरून ठेवतात, हे त्यांनी मला अर्धा तास खर्च करून दाखवलं होतं. मी मराठीत कविता लिहितो याचं लोकांना अजून नवल वाटतं, आणि मुलाखतींत मला ते विचारतात. मी आपलं काहीतरी साहित्यिक उत्तर देतो. खरं उत्तर तो 'ळ' आहे.

याच देवळाची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. १८६८ साली मुंबई सरकारनं या देवळाची रेखाटनं आणि नक्षीचे साचे करून घ्यायचं ठरवलं. ते काम दिलं मुंबईच्या कला विद्यालयाला, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूलला. विद्यालय १८५७ मध्ये सुरू झालेलं, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचं. तिथले अधीक्षक टेरी यांच्या देखरेखीखाली चित्रकार आणि साचे घेणारे कारागीर अंबरनाथला आले. देशातलं एक जुनं देऊळ नीट बघून कागदावर उतरवायचं काम विद्यालयाकडे सोपवावं, असं त्या परक्या सरकारला सुचलं. आज मंदिराच्या आसपास चालत जाण्याच्या अंतरावर किती शाळा आहेत! त्यांतली किती मुलं वही-पेन्सिल घेऊन त्या भिंतीसमोर बसली असतील? महाशिवरात्रीला रांगेत उभी राहिली असतील, ते वेगळं.

आता थोडं कायद्याचं बोलतो. रटाळ वाटेल, पण गाठ तिथंच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलाशिक्षणाचा उल्लेख आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अर्धवेळ निदेशक असावेत असं त्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे. पण कुठं? जिथं पट शंभराहून जास्त आहे तिथं. म्हणजे लहान शाळा बाद. वांगणीच्या पुढची, डोंगरालगतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांची शाळा बाद. पट घसरलेली नगरपरिषदेची शाळा बाद. आणि पहिली ते पाचवीचं काय? ज्या वयात मूल भिंतीवर, जमिनीवर, सापडेल तिथं चितारतं, त्या वयासाठी कायद्यानं निदेशक मागितलेलाच नाही.

त्यानंतर धोरणं आली. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कला इतर विषयांत मिसळून शिकवा म्हणतं. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचं स्थान दिलं आहे. वाचून आनंद होतो. पण मिसळायचं म्हटलं तरी मिसळणारा हात लागतो. गणिताच्या बाईंना कुणी रांगोळीतून सममिती शिकवायला सांगितली तर त्या शिकवतील, चांगली शिकवतील. त्यांनी ती कुठं शिकावी, याची सोय आधी करा.

आणि आता गुणांची गोष्ट. दहावीला चित्रकलेचे वाढीव गुण मिळतात, हे तुमच्यापैकी पुष्कळ पालकांना माहीत असेल. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, उत्तीर्ण झालं की 'अ' श्रेणीला सात, 'ब' ला पाच, 'क' ला तीन. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य आणि लोककला यांनाही असे गुण आहेत. पाचशेत सात म्हणजे जवळजवळ दीड टक्का. अकरावीच्या प्रवेशाला दीड टक्का म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात दहावी झाली आहे त्यांना विचारा.

मला या गुणांचा राग नाही. कलेला मान मिळाला, चांगलं झालं. पण हे गुण जातात कुणाला? बदलापूर पूर्वेला, अंबरनाथला, उल्हासनगरला जागोजागी 'एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे खात्रीशीर क्लासेस' अशा पाट्या आहेत. ज्याचे आईबाप फी भरू शकतात, तो तिथं स्थिरचित्रातला तांब्या आणि दोन कांदे चार महिने घोटतो आणि 'अ' श्रेणी घेऊन येतो. त्याचं कौतुकच आहे. पण हात बसायला सातवी-आठवीपासून सराव लागतो, आणि सरकारी शाळेतून आठवी करून नववीला दुसरीकडे गेलेल्या मुलीनं तोवर जलरंगाचा ब्रश धरलेला नसतो. शिक्षक द्यायचा नाही आणि गुण मात्र द्यायचे, याचा हिशोब अखेर गरिबाच्याच खात्यावर पडतो. एकेकाळी कलेच्या तासाला गरिबाचं पोर श्रीमंताच्या पोराच्या पुढं जायचं. आम्ही गेलो आहोत! आता तेवढी एक जागाही आपण फी लावून विकायला काढली.

इथं एक प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणारे वाईट लोक नसतात. शाळेचं छप्पर गळतंय, मुलींच्या शौचालयाला कडी नाही, आणि तुम्ही रंगपेटी मागता? मी म्हणतो, छप्पर आधी दुरुस्त करा, मीही तुमच्याबरोबर अर्ज घेऊन येतो. पण छप्पर झाल्यावर रंगपेटी आली, असं एक उदाहरण मला दाखवा. छप्परानंतर संगणक येतो, संगणकानंतर कॅमेरे. रंगपेटीची पाळी येत नाही.

दुसरा प्रश्न, चित्र काढून पोट भरतं का? हा प्रश्न उल्हासनगरात विचारावा याचं मला हसू येतं. जीन्सच्या मागच्या खिशावरची नक्षी कुणीतरी आधी कागदावर काढलेली असते. फर्निचरच्या बाजारातल्या पलंगाची डोकी, गणपतीच्या कारखान्यातली डोळ्यांची आखणी, लग्नाच्या हॉलमधली सजावट, ही सगळी चित्रकलाच आहे. माझ्या अब्बांचा खडूही तीच. आमची ही तिन्ही गावं डोळ्यांवर आणि हातांवर जगतात. पण हा मुद्दा मी फार ताणणार नाही. पोटासाठीच कला शिकवायची म्हटलं की पुन्हा क्लासची पाटी लागते.

उल्हासनगरबद्दल आणखी एक. ते गाव वसलं तेच मुळी लष्कराच्या छावणीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं त्या बराकींत राहिली आणि १९४९ च्या ८ ऑगस्टला छावणीचं उल्हासनगर झालं. ज्यांचं घरदार मागं राहिलं त्या माणसांनी बराकीत शाळा काढल्या आणि रात्री भगताची गाणी म्हटली. कंवररामांचं नाव जुन्या सिंधी माणसापुढं घ्या, त्याचा चेहरा बदलतो. मी लहानपणी अब्बांबरोबर दुकानात जायचो तेव्हा शेजारचे सिंधी काका कापड मोजता मोजता गुणगुणत असत. मला शब्द कळत नव्हते. आज त्यांच्या नातवंडांनाही कळत नाहीत, कारण सिंधी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले. भाषेचा वर्ग बंद पडला तरी गाण्याचा तास त्या भाषेला थोडी जागा देऊ शकला असता. मराठी, हिंदी, सिंधी अशी वेगवेगळ्या घरांतली मुलं एका प्रांगणात खेळतात, तिथं एक गाण्याचा शिक्षक केवढं काम करील!

आता ज्यासाठी मी हे सगळं बोलतोय ती गोष्ट सांगतो. २०१९ चा जुलै आठवत असेल. २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवासी होते, सगळे सुखरूप बाहेर आले. देशभर बातमी झाली. त्याच डिसेंबरात मी त्या भागातल्या एका शाळेत कविता वाचायला गेलो. कवितेला मुलं कंटाळली, हे कबूल करतो. मग मी बरोबर नेलेले कागद आणि तेलखडू वाटले आणि सांगितलं, डोंगर-सूर्य-नारळ सोडून काहीही काढा. सहावीतली एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही असं बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, तिनं आडवी लांब आगगाडी काढली. अर्धी पाण्यात. आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात आगपेटीएवढं एक घर. घराच्या आत पाण्याची रेघ, रेघेच्या वर एक माळा, माळ्यावर चार ठिपके आणि एक दप्तर.

मी विचारलं, "हे ठिपके कोण?"

"आम्ही."

"आणि गाडी?"

"गाडीकडं बोटी चालल्या होत्या. आम्ही माळ्यावरनं बघत होतो."

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाच महिन्यांत हिनं हे सांगितलं नव्हतं मला." त्या दिवशी त्यांनी दुसरा कुठलाच तास घेतला नाही. मुलं काढत राहिली. दोन त्रिकोणी डोंगर त्या दिवशी कुणीच काढले नाहीत. एकानं चंदेरी काढला, खिडकीत जाऊन, डोळे बारीक करून. सुळका जरा जास्तच उंच झाला होता, पण तो चंदेरीच होता.

मी ते चित्र मागितलं. मुलीनं दिलं नाही. निळा खडू संपला होता आणि पाणी अजून रंगवायचं बाकी होतं.

मग करायचं काय? पद भरणं सरकारचंच काम आहे, आणि ते आपण वर्गणी काढून करू नये असं माझं मत आहे. वर्गणीतून नेमलेला शिक्षक दोन वर्षं टिकतो, आणि तेवढ्यात सरकारला सवय होते. पण पटाची अट प्रत्येक शाळेला वेगळी लावण्याऐवजी केंद्रातल्या सगळ्या शाळांचा पट एकत्र मोजा आणि त्या केंद्राला एक कलाशिक्षक द्या. तो सोमवारी या शाळेत, मंगळवारी त्या. आर्ट टीचर डिप्लोमा घेऊन घरी बसलेली, नाहीतर फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर वाढदिवसाचे फलक जुळवणारी मुलं आपल्याच गावांत आहेत. पहिलीपासूनच्या वर्गांत त्याला जाऊ द्या. रंग, कागद, एखादी ढोलकी, एखादी पेटी यांचा खर्च नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर लिहा, म्हणजे तो दुसरीकडे वळला तर दिसेल तरी.

आपण गावकऱ्यांनी करायचं ते वेगळं आहे. निवृत्त चित्रकला शिक्षक, भजनी मंडळातले पेटीवाले, नाटकवेडे कारखान्यातले कामगार, यांनी महिन्यातून एकदा जवळच्या सरकारी शाळेत जावं. शिक्षकाची जागा भरायला नव्हे, पाहुणा म्हणून. नारायण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. उतारवयात ते आमच्या बदलापूरच्या पुढं तिसऱ्या स्टेशनावर, नेरळला राहायचे. कविता महापालिकेच्या शाळेची घंटा वाजवत होती, हे आम्ही त्या लोकलच्या गाडीतली माणसं तरी विसरू नये.

आणि अगदी सोपं काम. प्रत्येक सरकारी शाळेत वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असतं. तुमचं मूल त्या शाळेत असो वा नसो, एकदा आत जा. मुख्याध्यापक बाहेर काढणार नाहीत, उलट चहा विचारतील. वेळापत्रकात 'कला' असं कुठं लिहिलंय ते शोधा. बहुधा शेवटचा तास असेल, शुक्रवार किंवा शनिवार. आणि विचारा, हा तास कोण घेतं? उत्तर यायला जरा वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.